श्राव्यातीत प्रतिमादर्शन, वैद्यकीय

मानवी कानाला ऐकू येण्याच्या मर्यादेपलीकडील कंप्रतेच्या (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येच्या) ध्वनितरंगांचे आखूड स्पंद शरीरात सोडून व आतील निरनिराळ्या पृष्ठभागांवरून येणारे त्यांचे प्रतिध्वनी टिपून अंतर्गत इंद्रियांची प्रतिमा पडद्यावर उमटविण्याच्या तंत्रास ‘वैद्यकीय श्राव्यातीत प्रतिमादर्शन’ म्हणतात. व्यवहारात ते ‘सोनोग्राफी’ या नावाने परिचित आहे. सर्वसाधारण माणसास सु. २० ते २०,००० हर्ट्‌झ या पल्ल्यातील ध्वनी ऐकू येतो. त्याहून अधिक कंप्रतेचा ध्वनी तो श्राव्यातीत होय. निदानासाठी साधारणतः २ ते १५ मेगॅहर्ट्‌झ (१ मेगॅहर्ट्‌झ = १० लक्ष हर्ट्‌झ) कंप्रतेचे तरंग वापरतात.

क्ष-किरणांप्रमाणे या तरंगांमुळे ऊतकांचे (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांचे) आयनीभवन होत नाही, उपकरण तुलनेने स्वस्त व हलविता येण्याजोगे असते, काचपट्टी किंवा फिल्म लागत नाही आणि प्रतिमा तत्क्षणी हलत्या स्वरूपात दिसते. या गुणांमुळे हे तंत्र प्रसूतिशास्त्रात सर्वांत आधी रुजले. परंतु याच गुणांमुळे त्याचा गर्भलिंगनिदानासाठी दुरुपयोग करणेही सोपे झाले व महाराष्ट्रास या बाबतीत देशात सर्वप्रथम कायदा करावा लागला. म्हणून या तंत्राचा इतिहास पाहताना त्याची भौतिकी, उपकरणे आणि सामाजिक नियंत्रण या तिन्हींचा एकत्र विचार करणे आवश्यक ठरते.

मूलतत्त्व : सह्याद्रीच्या एखाद्या कड्यासमोर उभे राहून हाक मारली असता काही वेळाने तिचा प्रतिध्वनी ऐकू येतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सु. ३४० मी. असल्याने प्रतिध्वनी दोन सेकंदांनी आला, तर जाण्यास एक व येण्यास एक सेकंद लागला आणि कडा ३४० मी. अंतरावर आहे असा निष्कर्ष निघतो. श्राव्यातीत प्रतिमादर्शनात हेच गणित मिलिमीटरच्या पातळीवर करतात. मृदू ऊतकांतील ध्वनीचा सरासरी वेग सेकंदाला १,५४० मी. धरला जातो. त्यानुसार १ सेंमी. खोलीवरील पृष्ठभागापासून प्रतिध्वनी परत येण्यास सु. १३ मायक्रोसेकंद (१ मायक्रोसेकंद = सेकंदाचा दहा लक्षावा भाग) लागतात व १५ सेंमी. खोलीवरून येण्यास सु. १९५ मायक्रोसेकंद लागतात. उपकरण हा कालावधी मोजते व त्यावरून परावर्तक पृष्ठभागाची खोली ठरविते. वेग सर्व ऊतकांत सारखा नसतो : मेदात तो सु. १,४५० मी., तर स्नायूत सु. १,५८० मी. असतो. त्यामुळे सरासरी वेग धरून मोजलेल्या अंतरांत अल्पशी चूक संभवते.

तरंगलांबी ही वेग भागिले कंप्रता इतकी असते. ३.५ मेगॅहर्ट्‌झला मृदू ऊतकात ती सु. ०.४४ मिमी., तर ७.५ मेगॅहर्ट्‌झला सु. ०.२ मिमी. भरते. साधारणपणे तरंगलांबीपेक्षा जवळ असलेल्या दोन बिंदूंना वेगवेगळे दाखविता येत नाही. म्हणजेच कंप्रता वाढविल्यास विभेदनक्षमता (बारकावे वेगळे दाखविण्याची क्षमता) वाढते. मात्र कंप्रतेबरोबर तरंगांचे क्षीणनही वाढते. मृदू ऊतकात दर सेंमी. अंतरास व दर मेगॅहर्ट्‌झला सु. ०.५ डेसिबेल क्षीणन होते. ५ मेगॅहर्ट्‌झचा तरंग १० सेंमी. खोल जाऊन परत येईपर्यंत त्याचे ५० डेसिबेल क्षीणन झालेले असते. म्हणजे परावर्तन संपूर्ण झाले असे मानले तरी त्याची तीव्रता मूळच्या एक लक्षांशावर आलेली असते. यास्तव गर्भाशय, यकृत, मूत्रपिंड अशा खोलवरच्या इंद्रियांसाठी २ ते ५ मेगॅहर्ट्‌झ, तर गलग्रंथी, स्तन, वृषण यांसारख्या त्वचेजवळील भागांसाठी ७ ते १५ मेगॅहर्ट्‌झ कंप्रता निवडतात. खोली व बारकावा यांतील ही तडजोड या तंत्राच्या मुळाशीच आहे.

परावर्तन व ध्वनिसंरोध : माध्यमाची घनता व त्यातील ध्वनीचा वेग यांच्या गुणाकारास ध्वनिसंरोध म्हणतात. दोन माध्यमांच्या सीमेवर ध्वनिसंरोधात जितका फरक, तितके परावर्तन अधिक होते. मेद व स्नायू यांच्या सीमेवर आपाती ऊर्जेच्या केवळ सु. १ टक्का ऊर्जा परावर्तित होते. उरलेली पुढे जाते व तिच्यामुळे आणखी खोलवरचे पृष्ठभाग दिसू शकतात. मृदू ऊतक व हाड यांच्या सीमेवर सु. ४० टक्के, तर ऊतक व हवा यांच्या सीमेवर जवळजवळ सर्वच म्हणजे ९९.९ टक्के ऊर्जा परत फिरते. हवेने भरलेली फुप्फुसे व वायुयुक्त आतडी यांच्यापलीकडचे या तंत्राने दिसत नाही, याचे कारण हेच. तपासणीपूर्वी त्वचेवर लावण्यात येणारा पाणीदार लेपही याच कारणासाठी असतो. त्यामुळे एषणी व त्वचा यांच्यामधील हवेचा पातळ थर नाहीसा होतो. लेप नसेल, तर ध्वनी शरीरात शिरणारच नाही.

ऊतकांतील तरंगलांबीपेक्षाही लहान अशा कणांमुळे तरंगांचे सर्व दिशांना प्रकीर्णन होते. यकृत, वार, स्नायू यांना पडद्यावर जो विशिष्ट करड्या रंगाचा दाणेदार पोत दिसतो तो या प्रकीर्णनामुळे. मूत्र, गर्भजल, पित्त यांसारख्या द्रवांतून प्रतिध्वनी येत नाहीत. म्हणून ते काळे दिसतात. द्रवात क्षीणन अत्यल्प असल्याने द्रवाने भरलेल्या पुटीमागील भाग अधिक उजळ दिसतो, उलट पित्ताश्मरीमागे (पित्ताशयातील खड्यामागे) गडद सावली पडते. या दोन्ही गोष्टी वास्तविक प्रतिमेतील दोष आहेत. परंतु अनुभवी तज्ञ त्यांचाच निदानासाठी उपयोग करतो.

दाबविद्युत् व एषणी : काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युत् भार निर्माण होतात, असे झाक व प्येअर क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखविले. विद्युत् दाब दिल्यास असा स्फटिक आकुंचन-प्रसरण पावेल, असे भाकीत गाब्रीएल लिपमान यांनी १८८१ मध्ये केले व क्यूरी बंधूंनी ते त्याच वर्षी प्रयोगाने पडताळून पाहिले. एकच स्फटिक विद्युत् ऊर्जेचे ध्वनीत व ध्वनीचे विद्युत् ऊर्जेत रूपांतर करू शकतो, म्हणजे तोच बोलू शकतो व तोच ऐकू शकतो, हे या शोधाचे मर्म होय. आरंभी यासाठी क्वॉर्ट्‌झ वापरत. नंतर बेरियम टिटॅनेट व १९५० नंतर लेड झिर्कोनेट टिटॅनेट ही मृत्तिकाद्रव्ये प्रचारात आली.

व्यवहारात ‘प्रोब’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एषणीत अशा द्रव्याची पातळ चकती किंवा पट्ट्या बसविलेल्या असतात. चकतीची जाडी तीमधील तरंगलांबीच्या निम्मी ठेवली असता अनुस्पंदन होऊन इष्ट कंप्रता मिळते. ५ मेगॅहर्ट्‌झसाठी ही जाडी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. घंटा एकदा वाजविल्यावर बराच वेळ घणघणत राहते, तशी चकती घणघणत राहिली तर स्पंद लांबतो व लगतचे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात. हे टाळण्यासाठी तिच्यामागे टंगस्टनाची भुकटी मिसळलेल्या रेझिनाचा शामक थर देतात. पुढील बाजूस पाव तरंगलांबी जाडीचा जुळणी थर असतो. मृत्तिकाद्रव्य व त्वचा यांच्या ध्वनिसंरोधांतील मोठी तफावत त्यामुळे सौम्य होते व अधिक ऊर्जा शरीरात जाते.

उपकरणाचे इतर भाग : स्पंदजनित्र एषणीस क्षणिक विद्युत् स्पंद पुरविते. स्पंद गेल्यावर एषणी उरलेला बहुतेक वेळ ऐकण्याचे काम करते. ग्राही मंडलातील विवर्धक दुबळ्या प्रतिध्वनींचे विवर्धन करतो. खोलवरून, म्हणजे उशिरा, येणारा प्रतिध्वनी अधिक क्षीण झालेला असल्याने विवर्धन काळाबरोबर वाढवीत नेतात. यास कालानुसारी विवर्धन भरपाई म्हणतात. त्यानंतर संकेताचे अंकीय रूपांतर करून तो स्मृतीत साठविण्यात येतो व पडद्यावर दाखविला जातो.

प्रतिध्वनी दाखविण्याच्या तीन मुख्य पद्धती आहेत. ‘ए’ पद्धतीत प्रतिध्वनीची तीव्रता आलेखावरील शिखरांच्या उंचीने दर्शवितात. तीत केवळ एका रेषेवरील अंतरे कळतात. ‘बी’ पद्धतीत शिखराऐवजी ठिपका उमटतो व त्याची तेजस्विता प्रतिध्वनीच्या तीव्रतेनुसार ठरते; अशा अनेक रेषा शेजारी शेजारी मांडल्या की शरीराच्या छेदाचे द्विमितीय चित्र तयार होते. ‘एम’ पद्धतीत एकाच रेषेवरील ठिपके काळानुसार सरकवीत नेतात, त्यामुळे हृदयाच्या झडपांची हालचाल आलेखित होते. हलते चित्र मिळविण्याची मर्यादाही ध्वनीच्या वेगानेच घातलेली आहे. १५ सेंमी. खोलीसाठी एका रेषेस सु. १९५ मायक्रोसेकंद लागत असल्याने सेकंदाला सु. ५,००० रेषा मिळतात. एका चित्रात १२० रेषा धरल्यास सेकंदाला सु. ४० चित्रे होतात. डोळ्यास अखंड हालचाल भासण्यास एवढी पुरेशी आहेत.

डॉप्लर पद्धती : गतिमान पृष्ठभागावरून परावर्तित झालेल्या तरंगाची कंप्रता बदलते. क्रिस्टीआन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडलेल्या या परिणामाचा उपयोग रक्तप्रवाहाचा वेग मोजण्यासाठी करतात. ५ मेगॅहर्ट्‌झचा तरंग ६० अंश कोनातून सेकंदाला अर्धा मी. वेगाने वाहणाऱ्या रक्तावर पडल्यास कंप्रतेत सु. १,६०० हर्ट्‌झ फरक पडतो. हा फरक श्राव्य पल्ल्यात येत असल्याने ध्वनिक्षेपकातून तो प्रत्यक्ष ऐकविता येतो. गरोदर स्त्रीला तपासणीच्या वेळी ऐकू येणारे गर्भाच्या हृदयाचे ‘ठोके’ हे वास्तविक हृदयाचा आवाज नसून कंप्रतेतील या फरकाचे श्राव्य रूप असतात.

ऐतिहासिक आढावा : वटवाघळे डोळे झाकले असताही अडथळे चुकवितात, पण कान बंद केल्यास चुकवू शकत नाहीत, हे अठराव्या शतकाच्या अखेरीस लाद्‌झारो स्पालान्‌त्सानी यांच्या प्रयोगांतून दिसून आले होते. १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ ही बोट हिमनगावर आदळून बुडाल्यानंतर पाण्याखालील अडथळे प्रतिध्वनीने शोधण्याच्या कल्पनेस चालना मिळाली. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा शोध घेण्यासाठी पॉल लांझव्हँ यांनी क्वॉर्ट्‌झ व पोलाद यांच्या थरांचा ऊर्जापरिवर्तक बनविला. पुढील सर्व सोनार यंत्रणांचा तो पूर्वज होय. द्रवातील श्राव्यातीत तरंगांमुळे प्रकाशाचे विवर्तन कसे होते, याची उपपत्ती चंद्रशेखर व्यंकट रामन व नागेंद्र नाथ यांनी १९३५-३६ मध्ये मांडली. श्राव्यातीत क्षेत्राच्या अभ्यासात भारतीय शास्त्रज्ञांचे हे महत्त्वाचे कार्य होय. धातूंच्या ओतीव कामातील तडे श्राव्यातीत तरंगांनी शोधण्याची कल्पना रशियात एस्. वाय्. सोकोलोव्ह यांनी पुढे आणली आणि अमेरिकेत फ्लॉइड फायरस्टोन यांनी १९४०–५० या दशकात स्पंद-प्रतिध्वनी पद्धतीचे दोषदर्शक यंत्र तयार केले. वैद्यकीय उपकरणे या दोषदर्शकांतूनच निघाली.

ऑस्ट्रियातील तंत्रिकातज्ञ कार्ल डुसिक यांनी १९४२ मध्ये डोक्यातून आरपार ध्वनी पाठवून मेंदूतील पोकळ्यांची चित्रे घेतल्याचे प्रसिद्ध केले. परंतु ती चित्रे बहुतांशी कवटीच्या हाडाने केलेल्या क्षीणनाची होती, असे नंतर आढळले. अमेरिकेत जॉर्ज लडविग यांनी ऊतकांतील ध्वनीचे वेग मोजले. जॉन वाइल्ड यांनी जॉन रीड यांच्या साहाय्याने स्तनातील गाठींचे प्रतिध्वनी तपासले. तर डेन्व्हर येथे डग्लस हाउरी यांनी रुग्णास पाण्याच्या टाकीत बसवून छेदचित्रे घेतली. त्यांच्या एका यंत्रात ‘बी-२९’ या बाँबफेकी विमानाच्या तोफेचे फिरते कडे वापरलेले होते. स्वीडनमधील लुंड येथे इंगे एड्‌लर व हेल्मूट हेर्ट्‌झ यांनी १९५३ मध्ये धातुदोषदर्शकानेच हृदयाच्या हालचालींचा पहिला आलेख घेतला.

प्रसूतिशास्त्रातील प्रारंभ : ग्लासगो येथील स्त्रीरोगतज्ञ इअन डॉनल्ड यांचा दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात असताना रडारशी परिचय झाला होता. १९५५ मध्ये शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठी घेऊन ते एका बाष्पित्र कारखान्यात गेले व तेथील दोषदर्शकाने त्यांची परीक्षा केली. द्रवाने भरलेली गाठ व भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी स्पष्टपणे वेगळे आले. अभियंता टॉम ब्राउन व वैद्य जॉन मॅकव्हिकर यांच्यासह त्यांनी लिहिलेला निबंध ७ जून १९५८ रोजी लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गर्भाची श्राव्यातीत प्रतिमा त्यात होती. असाध्य कर्करोग समजल्या गेलेल्या एका स्त्रीच्या पोटात प्रत्यक्षात अंडाशयाची मोठी पुटी आहे, हे या यंत्राने ओळखले गेले व शस्त्रक्रियेने ती बरी झाली. या एका उदाहरणाने अनेक सहकाऱ्यांची शंका मावळली.

याच सुमारास गरोदरपणी घेतलेली क्ष-किरण छायाचित्रे व बालवयातील कर्करोग यांचा संबंध अ‍ॅलिस स्ट्यूअर्ट यांनी दाखविला (१९५६ – ५८). त्यामुळे गर्भ पाहण्याच्या निर्धोक साधनाची निकड भासू लागली होती व ती नव्या तंत्राने भागविली. स्ट्यूअर्ट कँबेल यांनी गर्भाच्या डोक्याची रुंदी व ह्यू रॉबिन्सन यांनी १९७३ मध्ये गर्भाची शिखापृष्ठ लांबी मोजून गर्भाचे वय निश्चित करण्याच्या पद्धती रूढ केल्या.

१९६५ च्या सुमारास जर्मनीत ‘व्हिडोसन’ हे हलते चित्र देणारे पहिले यंत्र आले. ते सेकंदाला सु. १५ चित्रे दाखवी. १९७० नंतर करड्या छटांची प्रतिमा, एका ओळीत अनेक घटक असलेली एषणी व विद्युतीय रीतीने वळविता येणारी शलाका ही सुधारणांची मालिका सुरू झाली. करड्या छटांच्या विकासात ऑस्ट्रेलियातील जॉर्ज कॉसोफ व विल्यम गॅरेट यांचा, रेषीय एषणीत नेदर्लंड्‌समधील क्लास बोम यांचा, तर डॉप्लर पद्धतीत जपानमधील शिगेओ सातोमुरा यांचा वाटा मोठा आहे. १९८० नंतर रक्तप्रवाह रंगांत दाखविणारी यंत्रे व त्यापुढे त्रिमितीय प्रतिमा प्रचारात आल्या. सूक्ष्मप्रक्रियकांच्या प्रसारामुळे यंत्राचा आकार कपाटाएवढ्यावरून हातात मावण्याइतका झाला.

सुरक्षितता : श्राव्यातीत ऊर्जेच्या शोषणाने ऊतकाचे तापमान किंचित वाढते व तीव्र दाबामुळे द्रवात सूक्ष्म बुडबुडे निर्माण होण्याची शक्यता असते. निदानासाठी वापरण्यात येणाऱ्या तीव्रतांना मानवी गर्भावर निश्चित अपाय सिद्ध झालेला नाही. तथापि आवश्यक तेवढीच ऊर्जा व आवश्यक तेवढाच वेळ वापरावा, असा नियम सर्वत्र मान्य असून तापनिर्देशांक व यांत्रिक निर्देशांक आधुनिक यंत्राच्या पडद्यावर दाखविले जातात.

महाराष्ट्रातील दुरुपयोग व कायदा : भौतिक अपाय न करणाऱ्या या तंत्राने सामाजिक अपाय मात्र मोठा घडविला. १९७० नंतर भारतात गर्भजल परीक्षा आली. गर्भाशयातून सुईने गर्भजल काढून कोशिकांतील गुणसूत्रे तपासण्याची ही पद्धत आनुवंशिक विकारांच्या निदानासाठी होती. परंतु तिच्यातून गर्भाचे लिंगही कळत असल्याने मुलगी असल्यास गर्भपात करविण्यासाठी तिचा वापर होऊ लागला. राज्य शासनाच्या सांगण्यावरून डॉ. संजीव कुलकर्णी यांनी १९८६ मध्ये केलेल्या पाहणीत मुंबईतील ५० स्त्रीरोगतज्ञांपैकी ४२ जण लिंगनिदानासाठी ही परीक्षा करीत असल्याचे आढळले. मुंबईतील स्त्री संघटना, आरोग्य कार्यकर्ते व काही वैद्य यांनी एकत्र येऊन याविरुद्ध मोहीम उभारली. तिच्या परिणामी महाराष्ट्र विधिमंडळाने १९८८ मध्ये प्रसवपूर्व निदानतंत्रांच्या वापराचे विनियमन करणारा अधिनियम संमत केला. या विषयावरील हा भारतातील पहिला कायदा होय. त्याच धर्तीवर संसदेने १९९४ मध्ये केंद्रीय अधिनियम केला व तो १ जानेवारी १९९६ पासून अंमलात आला.

परंतु दरम्यान साधन बदलले होते. गर्भजल परीक्षेस सुई, प्रयोगशाळा व अनेक दिवसांची प्रतीक्षा लागे. तिच्या प्रत्येक टप्प्याचा काही ना काही पुरावा मागे राही. श्राव्यातीत यंत्रास यांपैकी काहीच लागत नाही. गर्भाची बाह्य जननेंद्रिये पुरेशी विकसित झाल्यावर ती इतर अवयवांप्रमाणेच पडद्यावर दिसतात. आवश्यक असलेल्या वैद्यकीय तपासणीच्या ओघातच ती पाहता येतात, चित्र सेकंदाच्या अंशात येते व नाहीसे होते आणि निष्कर्ष शब्दानेच नव्हे तर नुसत्या खुणेनेही कळविता येतो. जे गुण वैद्यकास उपकारक ठरले, तेच पुरावा मागे न ठेवण्याच्या कामी आले. शून्य ते सहा वर्षे वयोगटातील दर हजार मुलांमागे मुलींचे प्रमाण महाराष्ट्रात १९९१ मध्ये ९४६ होते. ते २००१ मध्ये ९१३ व २०११ मध्ये ८९४ वर आले. कोल्हापूर जिल्ह्यात २००१ मध्ये ते ८३९ इतके कमी होते. शेती, सिंचन व सहकार यांत पुढारलेल्या जिल्ह्यातील हा आकडा समृद्धीने मुलीचे मूल्य आपोआप वाढते हा समज खोटा ठरविणारा होता.

केंद्रीय कायद्याची अंमलबजावणी होत नसल्याबद्दल मुंबईची ‘सेहत’ व पुण्याची ‘मासूम’ या संस्था आणि कार्यकर्ते साबू जॉर्ज यांनी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. न्यायालयाने २००१ पासून वेळोवेळी दिलेल्या आदेशांमुळे यंत्रांच्या नोंदणीस वेग आला व यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांकडून खरेदीदारांची माहिती घेण्यात आली. १४ फेब्रुवारी २००३ पासून सुधारित कायदा अंमलात आला. त्याचे नाव ‘गर्भधारणापूर्व व प्रसवपूर्व निदानतंत्र (लिंग निवडीस प्रतिबंध) अधिनियम, १९९४’ असे झाले. नोंदणी नसलेल्या केंद्रास यंत्र विकण्यास मनाई, गर्भाचे लिंग शब्दाने, खुणेने वा अन्य कोणत्याही रीतीने कळविण्यास बंदी, जाहिरातीस बंदी, आणि पहिल्या अपराधास तीन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंड या त्यातील प्रमुख तरतुदी होत.

बोललेला शब्द पकडता येत नसल्याने कायद्याने लिहिलेल्या कागदावर भर दिला. गरोदर स्त्रीच्या प्रत्येक श्राव्यातीत तपासणीची नोंद ‘एफ’ नमुन्यात करावी लागते. तीत तपासणीचे कारण, निष्कर्ष, गर्भाचे लिंग जाणून घेण्याची इच्छा नसल्याचे स्त्रीचे निवेदन व ते तिला सांगितले नसल्याचे तज्ञाचे निवेदन असते. या नोंदीतील उणीव अथवा चूक ही, उलट सिद्ध होईपर्यंत, कायद्याचा भंग समजली जाते. मुंबईतील मोठ्या रुग्णालयात असो वा ठाणे जिल्ह्यातील बदलापूरच्या बेलवलीसारख्या भागातील लहान केंद्रात असो, नियम एकच आहे. केवळ लेखनिकाच्या चुकीमुळे यंत्र मोहोरबंद होते व फौजदारी खटल्यास तोंड द्यावे लागते, अशी वैद्यांची तक्रार आहे. स्त्रीरोगतज्ञांच्या महासंघाने या तरतुदींना दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने ३ मे २०१९ रोजी फेटाळले. नोंदी हाच लिंगनिवड शोधण्याचा प्रमुख मार्ग असल्याने त्यांतील उणीव ही केवळ कारकुनी बाब मानता येणार नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती.

कोल्हापूर जिल्ह्यात २०१० च्या सुमारास तत्कालीन जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या पुढाकाराने आणखी एक उपाय योजण्यात आला. ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे यंत्र प्रत्येक श्राव्यातीत उपकरणास जोडून तपासणीतील दृश्ये त्यात साठविण्याची व ‘एफ’ नमुना संगणकाद्वारे पाठविण्याची ही व्यवस्था होती. क्षणात नाहीशा होणाऱ्या प्रतिमेला पुराव्याचे रूप देण्याचा हा प्रयत्न होता. क्ष-किरण व प्रतिमादर्शन तज्ञांच्या संघटनेने त्यास दिलेले आव्हान मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये अमान्य केले. तथापि पडद्यावर काय दिसले याची नोंद राहिली, तरी कोणती खूण केली गेली याची राहत नाही, ही या उपायाची मर्यादा होय.

सद्यस्थिती : वारेची जागा, जुळी गर्भधारणा, गर्भाशयाबाहेरील गर्भ, गर्भाची वाढ व त्यातील व्यंगे यांच्या निदानासाठी श्राव्यातीत तपासणी आज अपरिहार्य झाली आहे. हृदयविकार, अपघातातील अंतर्गत रक्तस्राव, मूत्रपिंड व पित्ताशय यांतील खडे यांतही तिचा मोठा उपयोग होतो. हातात मावणाऱ्या एषणीमुळे दुर्गम भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत हे तंत्र नेणे तांत्रिक दृष्ट्या शक्य झाले आहे. परंतु सुवाह्य यंत्रांचा गैरवापर टाळण्यासाठी २०१२ मध्ये नियमांत सुधारणा करून त्यांचा वापर नोंदणीकृत जागेतील आंतररुग्णांपुरता व फिरत्या वैद्यकीय पथकांपुरता मर्यादित करण्यात आला आहे. परिणामी ज्या स्त्रीला प्रसूतीपूर्वी या तपासणीची सर्वांत अधिक गरज असते, तिच्या गावापर्यंत यंत्र पोहोचण्यास विलंब लागतो. आणि निर्बंध सैल केले, तर जन्मास येऊ पाहणाऱ्या मुलीचे संरक्षण दुबळे होते. ध्वनी, स्फटिक व प्रतिध्वनी यांचे नियम सर्वत्र सारखे आहेत. त्यांपासून मिळणाऱ्या ज्ञानाचा वापर मात्र ज्या घरात मुलगी जन्मास यायची असते, त्या घराच्या व समाजाच्या मनोवृत्तीवर अवलंबून राहतो. कायदा त्यास बांध घालू शकतो. ती मनोवृत्ती बदलणे हे कोणत्याही उपकरणाच्या कक्षेबाहेरचे काम आहे.